पहिली दोनशे पावलं

सोमवारी सकाळी सव्वासहा वाजता मगदूमांच्या घरातली ट्रेडमिल पहिल्यांदा तोंड उघडून बोलली, आणि जे बोलली ते ऐकून त्रिशलाच्या हातातला कठडाच सुटला.

"त्रिशला भरतेश मगदूम," मशीनमधली बाई गोड आवाजात म्हणाली. "डावं पाऊल. कल अठ्ठावीस. कृपया आजच आरोग्य केंद्रात यावं."

भरतेश स्वयंपाकघरात चहा गाळत होता. निम्मा चहा ओट्यावर गेला. गाळणं हातात तसंच धरून तो धावत बाहेर आला. बायको पट्ट्यावरून उतरून भिंतीला टेकून उभी होती, आणि स्वतःच्या डाव्या पायाकडे परक्याच्या पायाकडे बघावं तशी बघत होती.

"परत चाल," तो म्हणाला. "पट्टा सरकला असंल."

"पट्टा कसा सरकंल? तीन आठवडं झालं न्हाईत तुम्ही उघडून."

तरी ती परत चालली. परत डावं पाऊल, परत अठ्ठावीस. मग भरतेश स्वतः चढला. दोनशे पावलं चालला.

"भरतेश महावीर मगदूम. कल शून्य. अभिनंदन."

त्या 'अभिनंदन'चा त्याला इतका राग आला, की हातातलं गाळणं त्यानं मशीनच्या काचेवर फेकून मारलं. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यानं कुठल्याही यंत्रावर हात उगारला नव्हता.

ही हकिगत २०४४ सालच्या जूनमधली, इचलकरंजीची. त्याआधी सहा-सात वर्षं मेंदूच्या अभ्यासकांना एक विलक्षण गोष्ट सापडली होती. मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी विझायला लागल्या, की त्याचा पत्ता हाताला लागायच्या कितीतरी आधी पायाला लागतो. माणूस चालतो, जिने चढतो, लग्नात नाचतो; त्याला काहीच जाणवत नाही. पण त्याचं एक पाऊल जमिनीवर दुसऱ्यापेक्षा सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकं जास्त रेंगाळतं. डोळ्याला हे दिसत नाही. पट्ट्याखाली दाब ओळखणाऱ्या धाग्यांची जाळी अंथरली, तर तिला मात्र दिसतं. दोन पावलांमधल्या या फरकाला कल म्हणायचं. पाचापर्यंत कल कुणाचाही असतो. पाचाच्या पुढे गेला की समजायचं, आत काहीतरी बिघडलंय. डॉक्टरांनी या आजाराला बोलताना धाप लागेल असं नाव दिलं. लोकांनी त्याला 'ओढ' म्हटलं आणि मोकळे झाले. ओढ लागलेला माणूस दहा-बारा वर्षांत अंथरुणाला खिळतो.

सरकारनं पंचेचाळीसच्या वरच्या माणसांच्या घरी अशा जाळीच्या ट्रेडमिल दिल्या. पण आजारावर उपाय नव्हता, आणि उपाय नसलेल्या आजाराची बातमी देऊन लोकांचा जीव टांगणीला का लावा, म्हणून मशीनचं तोंड बंद ठेवलं होतं. यंदा औषध आलं. कण्यात द्यायचं एकच इंजेक्शन. आजार आहे तिथे थांबतो. अट इतकीच, की कल तिसाच्या आत हवा. त्यापुढे औषध दिलं तर मेंदूत रक्तस्राव होतो. आणि मग त्या सोमवारपासून देशातल्या सगळ्या ट्रेडमिलना बोलायची परवानगी मिळाली.

कल काय, पट्टा काय, जाळी काय, हे गावात भरतेशइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तीस वर्षं तो यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारा कारागीर, होता. कुठला माग का अडला, हे तो आवाजावरून सांगायचा, आणि पट्ट्याचा ताण दोन बोटं टेकवून. माग बंद पडत गेले तसा तो घरोघरच्या ट्रेडमिलकडे वळला. कंपनीचा मेकॅनिक पुण्याहून यायचा, म्हणजे यायचा नाही. आणि इचलकरंजीच्या हवेत कापसाचे तंतू इतके, की मोटारीत त्यांची गादी तयार व्हायची. म्हणून भरतेशनं दर रविवारी शेडमध्ये वर्ग काढला होता: 'आपली ट्रेडमिल आपणच'. मोटारीचं झाकण काढून तंतू कसे ओढायचे, पट्ट्याखाली तेल किती सोडायचं, पट्टा एका बाजूला जायला लागला तर मागचा बोल्ट पाव आटा कसा फिरवायचा आणि पाव म्हणजे पावच कसा, हे तो शिकवायचा. अर्धा आटा फिरवणाऱ्याची तो सगळ्यांसमोर खेचायचा.

एक काम मात्र त्यानं कुणालाच शिकवलं नव्हतं. ते तो स्वतः घरी जाऊन करून द्यायचा. मशीन उघडलं की त्याचा शून्य पुसला जातो. जगातला कुठलाच पट्टा अगदी सरळ नसतो. रोलर केसभर वाकडा असतो, फरशीला उतार असतो. म्हणून मशीनला आधी स्वतःचा वाकडेपणा कळावा लागतो, म्हणजे तो वजा करून त्याला माणसाचा कल सांगता येतो. त्यासाठी कंपनीकडे दोन लोखंडी पायांचा एक सांगाडा होता. तो पट्ट्यावर दोनशे पावलं टाकतो, दोन्ही पाय अगदी सारखे. तेवढ्यात जो काही फरक दिसेल तो मशीन आपलाच दोष मानून घेतं.

कंपनीचा सांगाडा पुण्यात, आणि भरतेशचे पाय गावात. २०४१च्या तपासणी शिबिरात तिथल्या डॉक्टरांनी त्याला तीनदा चालवलं होतं. आकडे सांगायचे नव्हते, पण त्यांना राहवलं नाही. "मगदूम," ते म्हणाले होते, "तुमचा कल शून्य आहे. असला माणूस हजारात एक निघतो." झालं. जॉबर माग दुरुस्त करतो तेव्हा पहिलं वारभर कापड स्वतः विणतो आणि मगच माग विणकराच्या हाती देतो. जुनी रीत आहे. भरतेशनं ती ट्रेडमिलला लावली. मशीनला तेल दिलं, झाकण लावलं, की पहिली दोनशे पावलं त्याची. घरच्या बाया कौतुकानं बघत उभ्या राहायच्या आणि तो चपला काढून देवळात शिरावं तसा पट्ट्यावर चढायचा.

* * *

आरोग्य केंद्रात डॉ. रेश्मा मुल्लांनी त्रिशलाला तिथल्या मशीनवर चालवलं. तेही दहा दिवसांपूर्वी भरतेशनंच दुरुस्त केलं होतं, फुकट, आणि त्याबद्दल त्याला नारळ मिळाला होता. अठ्ठावीसच आले.

"घाई करावी लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "या आजारात कल महिन्याला साधारण एकानं वाढतो. आपल्या केंद्राला औषधाची एक कुपी गुरुवारी येतेय. पुढची तीन महिन्यांनी. तोवर तुम्ही तीसच्या पलीकडे गेलेल्या असाल. यादीत सगळ्यात जास्त कल तुमचा आहे, म्हणून ही कुपी तुमची."

"यादीत? आणखी कोण हाईत?" भरतेशनं विचारलं.

"आज सकाळपासून तेरा जण आलेत. तुमच्या भागातलेच. त्यांचे आकडे घरच्या मशीनचेच धरलेत; कुपी एकच, म्हणून इथे फक्त सगळ्यात मोठा पडताळला." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आणि चौदाच्या चौदा जणांचं डावं पाऊल. पुस्तकात असं कुठे नाही. मलाच कळेना झालंय."

मग त्यांनी औषधाची दुसरी बाजू सांगितली. हे औषध मेंदूतल्या काही पेशी कायमच्या निजवतं आणि त्या बदल्यात बाकीच्या वाचवतं. निजणाऱ्यांत स्पर्शाच्या पेशी येतात. "तासाभरात बोटांची जाणीव जाते. दहाही बोटांची. बोटं हलतात, काम करतात, पण काय धरलंय हे बघूनच कळतं."

त्रिशला सव्वीस वर्षं कापड तपासायच्या खात्यात होती. टेबलावरून कापड सरकत असताना ती त्यावर बोटं टेकवून बसायची, शेजारणीशी गप्पा मारत, नजर भलतीकडेच. आणि तुटलेला धागा आला की बोटं आपोआप थांबायची. मालक पाहुण्यांना आणून दाखवायचे. ती बोटं पदरात घेऊन बसून राहिली.

घरी आल्यावर भरतेशनं तिला समजावलं. त्याला वाटलं होतं दिवस जाईल. दहा मिनिटंही लागली नाहीत.

"बोटं का पाय, सांग बघू. बोटं ऱ्हायली आणि खाटंवर पडलीस, तर काय कुरवाळत बसणार?"

"तसं न्हवं ओ."

"मग कसं? बघून काम करायचं. लोकं चष्मा लावत्यात न्हवं का? तसंच हे."

"बरं," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. रोज ती ते बातम्या बघत निवडायची. त्या दिवशी तिनं टीव्ही लावला नाही.

* * *

मंगळवारी सकाळी गल्लीत सभा भरली. म्हणजे लोक आपोआप बाहेर आले आणि एकमेकांवर ओरडायला लागले. चौदा घरांत ओढ लागलेली. कुणी म्हणे पाण्यात काहीतरी आलं, कुणी म्हणे हवेत. सत्तरीचे आप्पासाहेब चौगुले, ज्यांचा कल सात निघाला होता, ते काठी आपटत म्हणाले, "पाणीच! दुसरं काय असणाराय? रंगाचं पाणी नळात उतरलंय."

गल्लीत ठणठणीत निघालेली माणसं दोनच. एक भरतेश, आणि दुसऱ्या कोपऱ्यावरच्या इंदूबाई घोरपडे. इंदूबाईंचं आणि भरतेशचं भिंतीवरून भांडण होतं. गेली पाच वर्षं त्या त्याला उंबरा ओलांडू देत नव्हत्या. त्यांच्या दारात बोअर होती. तेव्हा गल्लीनं ठरवूनच टाकलं, की गुण त्या बोअरचा. दुपारपर्यंत इंदूबाईंच्या दारात घागरींची रांग लागली. ज्या बाईशी कुणी सरळ बोलत नव्हतं, तिला लोक 'काकी, काकी' करायला लागले.

"आणि भरतेशअण्णा तर नळाचंच पितोय की," शोभा हळदे म्हणाली. तिचा कल वीस होता. रडून तिचे डोळे सुजले होते. "अण्णा, काय खातासा ओ तुम्ही?"

"कांदा-बटाटा खात न्हाई, एवढंच."

"मग वैनीबी खात न्हाईत."

चौगुल्यांनी भरतेशच्या खांद्यावर हात ठेवला. "देव पाठीशी हाय बघ तुझ्या," ते म्हणाले, आणि भरतेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळी गल्ली बुडतेय, बायको बुडतेय, आणि आपण तेवढे काठावर कोरडे उभे आहोत, याची त्याला लाज वाटली. बुधवारी दिवसभर तो घराबाहेर पडला नाही.

* * *

गुरुवारी दहा चाळीसला डॉ. मुल्लांनी कुपी बर्फातून काढून टेबलावर ठेवली. ती एकदा वितळायला लागली की तासाभरात द्यावी लागे, नाहीतर फेकायची. त्रिशलाला आत नेलं. अंगावर हिरवा झगा, आणि हात तसेच पोटाशी घेतलेले.

भरतेश बाहेरच्या बाकावर बसला. पुढच्या कुप्यांसाठी नाव नोंदवायला बाकीचे तेराजणही तिथेच होते. समोरच्या भिंतीवर पडद्यावर यादी होती: नाव, पाऊल, कल. दुसरं काही बघायला नव्हतं म्हणून तो ती वाचत बसला.

आप्पासाहेब चौगुले, डावं, सात. आप्पांचं मशीन आपण पावणेदोन वर्षांपूर्वी गणपतीत उघडलं होतं. आरतीचा आवाज येत होता, त्याला आठवलं. शोभा हळदे, डावं, वीस. ती गेल्या दसऱ्याची. रमजान नदाफ, डावं, चोवीस. त्याची मोटर यंदा फेब्रुवारीत जळली होती. शेवटी त्रिशला, डावं, अठ्ठावीस, तीन आठवड्यांपूर्वी.

त्यानं यादी परत वरून खाली वाचली. मग बाकावरच्या माणसांकडे पाहिलं. चौगुले, हळदे, नदाफ, म्हेत्रे, दोघं कोष्टी भाऊ... यातलं एकही घर असं नव्हतं, जिथे त्याचा पाना लागला नव्हता. आणि यादीत ज्या इंदूबाई नव्हत्या, त्या त्याला उंबरा ओलांडू देत नसल्यानं महिनोन्महिने कंपनीच्या माणसाची वाट बघायच्या.

चौदा मागांवरच्या कापडाला एकाच काठाला दोष दिसला, तर शहाणा जॉबर चौदा माग उघडत बसत नाही. तो आधी कापड मोजायचा गज तपासतो. भरतेशनं आयुष्यभर हेच केलं होतं, हेच पोरांना शिकवलं होतं.

त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं. दोन्ही नेहमीसारखेच होते.

"थांबा!" तो ओरडला, आणि दार ढकलून सरळ आत घुसला. त्रिशला कुशीवर झोपली होती. नर्स तिच्या पाठीला स्पिरिट लावत होती. "डॉक्टर, थांबा. सुई लावू नका तिला. तिला काय झालेलं न्हाई."

"मगदूम, बाहेर व्हा. वेळ नाहीये आपल्याकडे."

"किती हाय?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "बावन्न मिनिटं."

"मला वीस द्या. वीस मिनिटांत पटलं न्हाई तर मीच हात धरीन तिचा."

त्याच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, डॉ. मुल्लांनी सुई खाली ठेवली. भरतेशनं खिशातला पाना काढला, केंद्राचं मशीन उघडलं आणि त्याचा शून्य पुसला. एक बोल्ट दोनदा खाली पडला.

"त्रिशला, चढ. दोनशे पावलं. आता शून्य तुझा."

"माझा कसा? मला तर ओढ हाय."

"तेच बघायचंय. चाल."

ती झग्यातच चालली. मशीननं तिची चाल सरळ मानून घेतली. मग भरतेशनं दारातून हाक मारली. "आप्पा, या. रमजान, शोभा, समद्यांनी या. एकेकानं शंभर पावलं."

आप्पासाहेब काठी टेकवून चढले आणि काठी बाजूला देऊन चालले. कल एक. रमजान नदाफ, कल शून्य. शोभा हळदे, कल दोन. ती मशीनचा आवाज ऐकून पट्ट्यावरच रडायला लागली. म्हेत्रे, एक. कोष्टी भाऊ, शून्य आणि एक. डॉ. मुल्ला हात बांधून उभ्या होत्या. सातव्या माणसानंतर त्यांनी हात सोडले, दहाव्यानंतर त्या मशीनच्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे हे सगळे एकमेकांशी जुळतात," त्या हळू म्हणाल्या. "सात, वीस, अठ्ठावीस असले आकडे खरे असते, तर असे जुळले नसते. यांच्यातलं कुणीच आजारी नाही. मग ते आकडे कुणाचे होते?"

भरतेश चपला काढून पट्ट्यावर चढला.

खोलीत चौदा माणसं, दोन नर्स आणि एक डॉक्टर. सगळे आनंदात होते, एकमेकांच्या पाठी थोपटत होते. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. एकट्या त्रिशलाचं होतं. ती त्याच्या उजव्या पायाकडे बघत होती.

"भरतेश महावीर मगदूम," मशीनमधली बाई म्हणाली. "उजवं पाऊल. कल एकोणतीस. कृपया आजच आरोग्य केंद्रात यावं."



मग डॉ. मुल्लांनी ते मोठ्यानं बोलून दाखवलं, बहुधा स्वतःलाच समजावं म्हणून. सव्वादोन-अडीच वर्षांपूर्वी कधीतरी त्याचं उजवं पाऊल रेंगाळायला लागलं. ज्या ज्या घरी तो पहिली पावलं टाकायला गेला, तिथल्या मशीननं ते रेंगाळणं आपला दोष समजून उजवीकडून वजा करून टाकलं. मग सरळ चालणाऱ्या माणसाचंही डावं पाऊल रेंगाळल्यासारखं दिसायला लागलं. आजार वाढत गेला तसा जिथे उशिरा गेला तिथला आकडा मोठा. आणि त्याच्या स्वतःच्या मशीनला तर त्याचा दोष कधी दिसणारच नव्हता, कारण तिथला शून्यही त्याचाच होता. चौदा घरांत मिळून एकट्या माणसाचा आजार महिन्यामहिन्यानं नोंदला गेला होता.

"आरं देवा," आप्पासाहेब म्हणाले. इतका वेळ हसत होते म्हणून त्यांना आता तोंड कुठे लपवावं कळेना. लोक एकेक करून बाहेर सरकले.

"सत्तावीस मिनिटं आहेत," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "कुपी तीच, मात्रा तीच. कागद मी नंतर बघते. मगदूम, तुम्ही झोपा."

भरतेश जागचा हलला नाही. तो आपले हात बघत होता. पाना, बोल्ट, रोलर. केसाएवढा वाकडेपणा बोटाला लागायचा तो. दोन बोटं टेकवली की कळायचा तो ताण. डोळ्यांनी बघून काम करणारे जॉबर त्यानं पाहिले होते. त्यांना तो जॉबर म्हणत नसे.

"पुढची कुपी तीन महिन्यांनी हाय न्हवं?" तो म्हणाला. "तवर बघू की. पाय चांगलं हाईत माझं. काय दुखत न्हाई, खुपत न्हाई. आकडा कधीकधी चुकतोबी."

"तीन महिन्यांनी तुम्ही बत्तीसवर असाल. तेव्हा मी ती देऊ शकणार नाही."

"एवढी घाई कशाला? विचार करायला वेळ द्या की माणसाला."

"वेळ?" त्रिशला म्हणाली. तिचा आवाज चढला तसं त्यानं दचकून पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात ती चारचौघांत त्याच्यावर ओरडली नव्हती. "माझी बोटं द्यायला किती वेळ लागला तुम्हांस्नी? घरात आल्या आल्या, रात्रीला काय शिजवायचं विचारावं तसं विचारलासा. मी हूं म्हटलं. सोमवारपास्नं हरेक वस्तूला हात लावून बघायलोय मी, शेवटचा म्हणून. भिताडाला सुदीक लावला. तुम्ही विचारलासा का एकदा तरी?"

त्याला खरोखरच माहीत नव्हतं. सोमवार ते गुरुवार तो आपल्या लाजेत बुडून बसला होता, आणि शेजारच्या खोलीत ही भिंती चाचपत फिरत होती.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "लई मोठं चुकलं."

"ते घरी गेल्यावर. आधी झोपा."

"भीती वाटतीया ग."

"वाटणारच. मला काय कमी वाटली?" ती आता ओरडत नव्हती. तिनं झग्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि त्याच्या शर्टाची बटणं काढायला लागली. "वीस मिनिटं हाईत. कशाकशाला हात लावायचाय ते लावून घ्या."

भरतेशनं खोलीभर नजर फिरवली. लोखंडी खाट, फरशी, मशीन. आश्चर्य म्हणजे मशीनला हात लावावासा त्याला वाटला नाही. त्यानं तिचा उजवा हात धरला आणि तिच्या बोटांच्या टोकांवरून आपली बोटं फिरवली. तिथे बारीक बारीक चरे होते, एकावर एक, सव्वीस वर्षं धागे ओढून पडलेले. तर्जनीचं टोक सुपारीसारखं घट्ट झालं होतं.

"हे कधी झालं?" त्यानं विचारलं.

"लई दिस झालं की."

"मला कसं कळलं न्हाई?"

ती नुसती हसली. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं आणि पाठ फिरवून सुई भरून घेतली. भरतेश एकेक बोट सावकाश तपासत होता, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आणि परत. मग तो कुशीवर झोपला, गुडघे पोटाशी घेतले. कुपीची सहा मिनिटं उरली असताना सुई आत गेली.

बाहेर पडायला साडेबारा वाजून गेले. लोक व्हरांड्यात थांबले होते. शोभानं पुढे होऊन त्याला चपला सरळ करून दिल्या. इंदूबाई घोरपडेसुद्धा आल्या होत्या, पाण्याची बाटली घेऊन. ती त्यानं घेतली, आणि धरलीय की नाही हे बघत बघत तोंडाला लावली.

फाटकापर्यंतची वाट सरळ होती. तो उन्हाकडे बघत, रिक्षा कुठे दिसते का ते बघत चालला होता. रस्ता ओलांडायच्या वेळी त्यानं सहज मान खाली घातली, तेव्हा त्याला दिसलं, की तिनं त्याच्या बोटांत आपली बोटं कधीपासूनची गुंतवलेली आहेत.